न दुखणारी गाठ

आजच्या भाषणाचा विषय कानी पडताच काही घरांतून रेडिओचा आवाज जरा कमी केला जाईल, आणि काही घरांतून मुलींस काही तरी निमित्त सांगून स्वयंपाकघरात पाठविले जाईल, हे मी जाणून आहे. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाही. कारण मी स्वतः सारा जन्म तेच केले. आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ सालापासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या निरनिराळ्या गावी मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि तिच्यावर अध्यापनाची पदविका, एवढीच माझी विद्या. त्या पस्तीस वर्षांत शरीराच्या इंद्रियांचा पाठ मी किती वेळा शिकविला असेल याची गणती नाही. फळ्यावर मनुष्याची आकृती काढावी, मेंदूपासून आरंभ करावा, हृदय दाखवावे, फुप्फुसे दाखवावी, जठर, यकृत, मूत्रपिंडे अशी एकेकाची ओळख करून द्यावी. परंतु ज्या अवयवाच्या दुधावर त्या वर्गातील मुले वाढली, त्याचे नाव माझ्या तोंडून एकदाही निघाले नाही. छातीपाशी आले की माझा खडू आपोआप फुप्फुसांकडे वळे.

आज ते नाव मी घेतो. स्तनाच्या कर्करोगाविषयी, म्हणजे सर्वतोमुखी ज्यास कॅन्सर म्हणतात त्याविषयी, आणि तो वेळीच ओळखण्याच्या विद्येविषयी मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार दोनच गोष्टींचा आहे. एक, माझ्या घरात घडलेली हकीकत. आणि दुसरी, डॉक्टरांच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी पाहिलेले दृश्य.

प्रथम घरची हकीकत सांगतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व भावंडे आक्का म्हणत असू, शेवगाव तालुक्यातील एका गावी दिली होती. १९९३ च्या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी डाव्या बाजूस एक गाठ तिच्या हातास लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, कामास अडथळा करीत नव्हती. "दुखत नाही, तर राहीना मेली!" असे ती मनाशी म्हणाली आणि कापूस वेचावयास गेली. पाच महिन्यांनी तिने ही गोष्ट आपल्या जावेस सांगितली. जावेने आग्रह केल्यावर तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे दोघी गेल्या. डॉक्टरांनी पदरावरूनच चाचपून पाहिले, "दुखत नाही ना? मग काळजीचे कारण नाही," असे सांगितले आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्या संपल्या, पुन्हा दिल्या, त्याही संपल्या. पुढे गाठीवरील कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड व खळगेदार दिसू लागली, तेव्हा कोठे मजकडे निरोप आला. मी तिला मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात घेऊन गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पहिल्याने केव्हा लक्षात आले?" आक्काने माझ्याकडे पाहिले व मान खाली घालून सांगितले, "अकरा महिने झाले." उपचार झाले, परंतु रोग काखेतून पुढे गेला होता. १९९५ च्या मार्गशीर्षात आक्का गेली.

त्या तालुक्याच्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात पुष्कळ दिवस राग होता. आज तो नाही. ते गृहस्थ सज्जन होते. गोरगरिबांकडून पैसे घेत नसत. अडलेल्या बाळंतिणीसाठी रात्री-अपरात्री बैलगाडीतून जात. त्यांनी पदवी घेतली त्यास त्या वेळी तीस वर्षे झाली होती, आणि त्या तीस वर्षांत त्यांस कोणी काही नवे शिकविले नव्हते. रोग दुखला तरच खरा, असा समज त्यांचा, आक्काचा आणि माझा सारखाच होता. वस्तुतः गोष्ट बरोबर उलटी आहे. या रोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. दुधाच्या बारीक नलिकांच्या आतील अस्तरात ती उपजते, गुपचूप वाढते, आणि वेदना देऊ लागते तेव्हा पुष्कळदा बराच उशीर झालेला असतो. न दुखणे हे अभयदान नव्हे, एवढे एक वाक्य आम्हा तिघांपैकी एकास जरी ठाऊक असते, तरी ते अकरा महिने वाया गेले नसते.

आता दुसरी गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी आज क्ष-किरणतज्ज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात तो वाटेत भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आम्हास तपासत होता, आता आम्ही डॉक्टर एकमेकांस तपासतो. रविवारी आमचा वर्ग आहे, पाहावयास या." मी गेलो. पंचवीस-तीस डॉक्टर बसले होते. काही शहरातले, काही तालुक्यांतून सकाळच्या गाडीने आलेले, काहींच्या डोक्यावर माझ्याइतकेच पांढरे केस. दिवे मालवण्यात आले आणि पडद्यावर एकामागून एक चित्रे येऊ लागली.

ही चित्रे कशाची, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८९५ साली राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १९१३ साली बर्लिन येथील आल्बर्ट सालोमोन या शस्त्रवैद्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन रोगाची खूण चित्रात कशी उमटते याचा अभ्यास केला. १९६० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ईगन यांनी असे चित्र घेण्याची खात्रीची रीत बसविली. हीच मॅमोग्राफी. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये हजारो निरोगी स्त्रियांची ही चित्रे व हातांची तपासणी अशी मोठी परीक्षा सुरू झाली; १९७७ साली स्वीडनच्या दोन परगण्यांत केवळ चित्रांची परीक्षा सुरू झाली, आणि १९८५ साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांस तपासणीस बोलाविले होते, त्यांच्यात या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हापासून अनेक देशांत ठरावीक वयाच्या निरोगी स्त्रियांस पत्रे पाठवून तपासणीस बोलाविण्याची पद्धत पडली.

चित्र घेण्याची रीत साधी आहे. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही क्षण दाबून धरतात. एकदा वरून खाली आणि एकदा तिरपे, असे प्रत्येक बाजूचे दोन मिळून चार फोटो होतात. दाबल्यामुळे आतील थर पसरतो, चित्र स्पष्ट येते आणि किरणही कमी लागतात. क्षणभर दुखते खरे, परंतु इजा होत नाही. किरणांचे भय कित्येकांस वाटते. तर निसर्गतः आपणा सर्वांस सुमारे सात आठवड्यांत जेवढे किरण मिळतात, तेवढेच या तपासणीत मिळतात.

फोटो निघणे ही अर्धी गोष्ट झाली. तो वाचता येणे ही उरलेली अर्धी, आणि तीच कठीण आहे. चित्रात चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि रोगाची गाठही पांढरीच दिसते. तरुण वयात ग्रंथी दाट असतात. तेथे गाठ शोधणे म्हणजे कापसाच्या ढिगात पांढरा खडा शोधण्यासारखे आहे. अशा वेळी सोनोग्राफीची मदत घेतात. कधी गाठ नसतेच. खसखशीहून बारीक असे चुन्याचे कण एका जागी जमलेले दिसतात, आणि त्यांच्या आकारावरून व मांडणीवरून जाणत्यास संशय येतो. अजाणत्यास ती धूळ वाटते.

त्या रविवारच्या वर्गात चित्रांवरील नावे पुसलेली होती आणि प्रत्येक चित्राचा खरा निकाल शिकविणारास आधीच ठाऊक होता. प्रत्येक डॉक्टराने एका चिठ्ठीवर लिहावयाचे, या बाईस पुन्हा बोलवावे की नको. मग निकाल उघड करावयाचा. पाचवे की सहावे चित्र आले. मला तर त्यात ढगांखेरीज काही दिसेना. चिठ्ठ्या मोजल्या, तर निम्म्याहून अधिक डॉक्टरांनी 'नको' असे लिहिलेले. शिकविणाराने काठीचे टोक एका कोपऱ्यात ठेवले. तेथे धागे थोडे ओढल्यासारखे दिसत होते, एवढेच. तीच गाठ होती. सभेत शांतता पसरली. मग पुढच्या रांगेतील एक वयस्क डॉक्टर उठून म्हणाले, "असे चित्र मी गेल्या वर्षी 'ठीक' म्हणून परत पाठविले नसेल कशावरून? आज घरी गेल्यावर मी ठेवणीतील फोटो पुन्हा काढून पाहणार आहे."

श्रोतेहो, मी पुष्कळ परीक्षा पाहिल्या. परंतु भर वर्गात असे बोलणारा विद्यार्थी मला क्वचितच आढळला. मला आक्काच्या त्या डॉक्टरांची आठवण झाली. त्यांस असा एखादा रविवार कोणी दिला असता, तर! मनाने ते त्या वयस्क डॉक्टरांहून कमी नव्हते. त्यांस वर्ग मिळाला नाही, एवढेच.

अशा शिक्षणाची गरज इतर देशांनी फार पूर्वी ओळखली. इंग्लंडात १९८८ साली सरकारी तपासणी सुरू झाली. तेथे असे फोटो वाचणाऱ्याने वर्षाकाठी निदान ५,००० स्त्रियांचे फोटो वाचलेच पाहिजेत असा दंडक आहे, आणि निकाल ठाऊक असलेली चित्रे पुढे ठेवून त्यांची वेळोवेळी परीक्षाही घेतात. अमेरिकेत १९९२ साली कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे डॉक्टराने दोन वर्षांत ९६० तपासण्या वाचाव्या लागतात व तीन वर्षांत १५ तासांचे नवे शिक्षण घ्यावे लागते. अलीकडे संगणकही या वाचनास मदत करू लागला आहे. स्वीडनमध्ये ८०,००० स्त्रियांवर घेतलेल्या एका परीक्षेचे पहिले निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात डॉक्टरांचे वाचनाचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी हलके झाले असे दिसले. तरीही अखेरचा शब्द शिकलेल्या डोळ्याचाच राहिला.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या आचारनियमांत डॉक्टराने दर पाच वर्षांत निदान ३० तास असे शिक्षण घ्यावे असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण करताना या शिक्षणाचा हिशेब द्यावा लागतो. परंतु पाच वर्षांचे ३० तास म्हणजे वर्षाचे सहा. आणि त्या सहा तासांत हृदयविकार आहे, मधुमेह आहे, सारेच आहे. तेव्हा स्तनाच्या चित्रांचे शिक्षण किती डॉक्टरांच्या वाट्यास येत असेल, हे आपणच समजून घ्यावे. नियमाने माणूस वर्गात बसविता येतो. शिकण्याची तहान मात्र त्याची त्यानेच आणावी लागते. रविवारची सुट्टी मोडून तालुक्याहून आलेल्या त्या डॉक्टरांपाशी ती तहान होती, म्हणून मी त्यांस मनोमन नमस्कार केला.

आता या विद्येचा गृहस्थाश्रमी माणसास उपयोग काय, ते सांगतो. तपासणीचा कागद घरी येतो तेव्हा त्यावर शून्यापासून सहापर्यंत एक अंक लिहिलेला असतो. १९९० नंतर अमेरिकेत ठरलेली ही पद्धत आता आपल्याकडेही रूढ झाली आहे. हे परीक्षेचे गुण नव्हेत, म्हणून त्यांचा अर्थ नीट ध्यानात ठेवावा. शून्य याचा अर्थ रोग नाही असा नसून, तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी करावी, असा आहे. एक म्हणजे काही आढळले नाही. दोन म्हणजे आढळले ते निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी. शंभरांत दोनांहून अधिकांस रोग निघत नाही, परंतु साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. चार म्हणजे संशय. सुईने तुकडा काढून तपासावा. पाच म्हणजे रोगाची दाट शक्यता. सहा म्हणजे रोग आधीच सिद्ध झालेला. शून्य पाहून पेढे वाटणारे आणि चार पाहून रडत बसणारे, दोघेही चुकतात. चार या अंकाच्या पुष्कळ गाठी तपासणीअंती साध्या निघतात.

तीन गोष्टी आणखी सांगतो. पहिली, जुने फोटो टाकून देऊ नयेत. लग्नाचे फोटो जपतो तसे जपावेत आणि पुढच्या तपासणीस बरोबर न्यावेत. कारण नव्या-जुन्याच्या तुलनेतच बारीक फरक दिसतो. दुसरी, गाठ हातास लागत असेल आणि फोटोत काही दिसत नसेल, तर फोटोवर विसंबून राहू नये. काही गाठी चित्रात उमटतच नाहीत. जाणते डॉक्टर हाताची तपासणी, चित्र आणि सुईने काढलेला तुकडा अशा तीन साक्षी घेतात व तिन्हींचा मेळ बसला तरच निकाल देतात. तिसरी, "सुई लावली की गाठ चवताळते" असे जे आपल्याकडे म्हणतात, ते खरे नव्हे. त्या भीतीने घरी बसल्याने मात्र गाठ खरोखरच वाढते.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, हे सारे शहराचे झाले. अकोल्याच्या डोंगरातील बाईने किंवा पाथर्डीच्या ऊसतोडणीवाल्या बाईने हे यंत्र कोठे शोधावे?" शंका रास्त आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुके. गावोगाव हे यंत्र आणि ते वाचणारा डोळा पोहोचविणे सोपे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ साली हेच सांगितले, की जेथे साधने अपुरी आहेत तेथे सरसकट फोटोंच्या मागे लागण्यापेक्षा लक्षणे लवकर ओळखणे व त्वरित निदान करणे यांवर भर द्यावा. शिवाय निरोगी स्त्रीच्या तपासणीत खोट्या धास्तीचे आणि अनावश्यक उपचारांचे प्रसंगही येतात, हे लपविण्यात अर्थ नाही.

मग उपाय काय? तो आपल्याच मुंबईने शोधला. परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक थोर परीक्षा आरंभिली. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, स्तनांची हाताने तपासणी करण्यात आली. आणि ती करणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या, तर मुद्दाम शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षे या स्त्रियांचा मागोवा घेऊन डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण उरलेल्या वस्त्यांत ४७ टक्के, तर तपासलेल्या वस्त्यांत ३७ टक्के आढळले. पन्नाशी व तिच्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वये एकत्र धरली तर घट १५ टक्के दिसली, परंतु ती योगायोगाची नव्हे असे गणिताने ठामपणे म्हणता आले नाही. आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. हे सारे त्यांनी प्रामाणिकपणे मांडले. शिकविलेल्या हाताची किंमत केवढी, हे या परीक्षेने जगास दाखविले.

मॅट्रिक झालेल्या मास्तरास या गोष्टीचा आनंद का वाटावा, हे वेगळे सांगावयास नको. परंतु नगरकरांस ती नवीही वाटू नये. आपल्याच जामखेडास १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम आरंभिले. खेड्यातील स्त्रियांस, ज्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडास येत, नवे शिकत, जुने पुन्हा घोटत आणि आपापल्या गावी परत जाऊन तेच इतरांस शिकवीत. एकदाच शिकवून सोडून दिले असे झाले नाही. शिक्षण चालूच राहिले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डॉक्टरांचे जे निरंतर शिक्षण आज सभागृहांतून चालते, त्याचे मर्म जामखेडच्या त्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वीच जाणले होते.

जामखेडहून पुढे सोलापूर जिल्ह्यात बार्शी लागते. तेथील कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ साली खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवावयास आरंभ केला. ग्रामीण भागातील अशी ती देशातील पहिली नोंदवही. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांस रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय असेल त्यास रुग्णालयात येण्याचा आग्रह करीत. थोड्याच वर्षांत असे दिसून आले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. तेथे यंत्र नव्हते, औषध नव्हते. मोकळेपणाने बोलणे होते. आज मी हे भाषण करण्यास धजलो, त्यामागे बार्शीचा हा धडा आहे.

स्त्रियांच्या संकोचाची गोष्टही जुनीच आहे. १८८३ साली श्रीरामपूर येथे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील श्रीरामपूर येथे, आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी जाहीर भाषण केले, तेव्हा या देशास स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हेच त्यांनी लोकांपुढे मांडले. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, आणि तरीही माझी आक्का पदर न काढता तपासली गेली. लाज हा स्त्रीचा अलंकार असे आम्ही म्हणत आलो. त्या अलंकाराचे मोल आक्काने काय दिले, ते मी पाहिले आहे.

या रोगाचा पसारा आता लहान राहिलेला नाही. भारतातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रोगिणी आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. २०१६ साली केंद्र सरकारने ठरविले, की ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची शिकविलेल्या आरोग्यसेविकांकडून दर पाच वर्षांनी हाताने तपासणी व्हावी. म्हणून गावच्या आशाताई तपासणीस बोलावण्यास आल्या, तर "आम्हास काही झालेले नाही" म्हणून त्यांस दारातून परत पाठवू नये. ज्यांस काही झालेले नाही, त्यांच्यासाठीच ती तपासणी आहे.

आणि तपासणीच्या दोन खेपांमधील काळात घरची स्त्रीच आपली पहिली परीक्षक असते. नवी गाठ, मग ती दुखो वा न दुखो; कातडीस पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पालट; बोंड आत ओढले जाणे; त्यातून रक्तासारखा स्राव येणे; काखेत गाठ लागणे; एका बाजूच्या आकारात नव्याने पडलेला फरक; यांपैकी काहीही आढळले, तर महिन्यांची वाट पाहू नये. आई, मावशी किंवा बहीण यांस हा रोग झालेला असेल, तर अधिक जागरूक राहावे आणि तपासणी केव्हापासून करावी हे डॉक्टरांस विचारावे. पुरुषांसही हा रोग क्वचित होतो. शंभरांत सुमारे एक रोगी पुरुष असतो. लवकर सापडल्यास पुष्कळदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही, केवळ गाठ काढून किरणोपचार करता येतात, हेही घराघरात ठाऊक व्हावे. कारण कित्येकजणी रोगापेक्षा त्या शस्त्रक्रियेच्या धास्तीनेच तोंड मिटून बसतात.

तपासणाऱ्या डॉक्टरांस, मग ते कितीही मोठे असोत, नम्रपणे विचारावयास संकोचू नये: "फोटो किंवा सोनोग्राफी करावी का? तुकडा तपासावा का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. त्या रविवारच्या वर्गातील वयस्क डॉक्टर तर मुळीच रागावले नसते.

श्रोत्या भगिनींनो आणि बंधूंनो, माझे भाषण संपत आले. नोकरीच्या अखेरच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात तो इंद्रियांचा पाठ शेवटचा घेतला. आक्काला जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षे झाली होती. तरीही माझा खडू फुप्फुसांकडेच वळला. ती चूक आता शाळेत दुरुस्त करता येणार नाही, म्हणून ती येथे आपणापुढे सांगितली. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील मोठ्या बाईने लेकीसुनांशी या विषयावर दहा मिनिटे बोलावे, आणि पुरुषांनी त्या वेळी उठून बाहेर जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. एखाद्या घरात कोणी तरी हळूच म्हणेल, "मलाही एक गाठ लागते आहे, पण दुखत नाही." तसे झाले, तर उद्या सकाळची पहिली गाडी चुकवू नये.